हेर्त्सोग मोठा की मार्कग्राफ? जर्मन घराण्यांच्या पदव्या वाचायच्या कशा

मध्ययुगीन जर्मनीवर मराठीत लेखमाला लिहायला घेतलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. हाताशी इंग्रजी पुस्तकं, आणि त्यांत ड्यूक, मार्ग्रेव्ह, लँडग्रेव्ह, काउंट पॅलटाइन, प्रिन्स, इलेक्टर अशी नुसती रांग. त्यांनी रीतसर तक्ता आखला. वर सम्राट, तळाशी साधा सरदार, मधल्या चौकटींत बाकीचे. तक्ता काही जुळेना. १३५६ साली ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्रेव्हला राजा निवडायचा हक्क मिळतो आणि बव्हेरियाच्या ड्यूकला मिळत नाही, मग वरचा कोण? १३९२ साली सख्खे तीन भाऊ एकाच वेळी बव्हेरियाचे ड्यूक कसे? आणि मराठीत या मंडळींना म्हणायचं तरी काय?

तक्ता फाडून टाका, हे माझं पहिलं उत्तर. राग मानू नका, असा तक्ता मीही केला होता. जर्मन शिकवणं आणि जुन्या कागदांची भाषांतरं करणं यात माझी वीसेक वर्षं गेली. त्यातल्या पहिल्याच मोठ्या कामात मी 'मार्कग्राफ फोन बाडेन' याचं भाषांतर 'बाडेन या सीमाप्रांताचा अधिपती' असं ठोकून दिलं. मार्क म्हणजे हद्दीवरचा मुलूख, ग्राफ म्हणजे त्याचा अंमलदार. शब्दकोशाप्रमाणे चोख. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कोणती सीमा?" मी नकाशा उघडला. बाडेन काळ्या अरण्याच्या पायथ्याशी, ऱ्हाइनच्या अलीकडे. नदीपलीकडे आल्सास, त्याच्या पलीकडे लोरेन, आणि १२ व्या शतकात ते दोन्ही पवित्र रोमन साम्राज्यातच. म्हणजे बाडेनला हद्द अशी नव्हतीच.

हद्द होती, पण इटलीत. त्सेरिंगर घराण्यातल्या बेर्थोल्ड पहिल्याला ११ व्या शतकात आल्प्समधल्या कारिंथियाची हेर्त्सोगी, म्हणजे ड्यूकची गादी, मिळाली आणि तिच्या जोडीला पर्वतापलीकडच्या व्हेरोनाचा सीमामुलूख. तिथे त्याला अंमल असा धड बसवता आला नाही. पण मुलगा हेर्मान मार्कग्राफ म्हणवून घेऊ लागला आणि नातू हेर्मान दुसरा याने ती पदवी बाडेनच्या गढीला जोडली. १११२ च्या एका दस्तऐवजात तो 'बाडेनचा मार्कग्राफ' म्हणून दिसतो. व्हेरोना कधीच हातचं गेलं होतं, पदवी मात्र रक्ताबरोबर ऱ्हाइनकाठी येऊन बसली आणि जवळजवळ सातशे वर्षं तिथून हलली नाही.

त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांनी मला या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट शिकवली. जर्मन पदवी ही जिन्याची पायरी नाही, ती फेरफाराची नोंद आहे. सातबाऱ्यावर आज कोण कसतो ते दिसतं. जमीन कुणाकडून, कधी, कशी आली हे पाहायचं तर फेरफार काढावे लागतात. या पदव्यांचं तसंच आहे. घराण्याला कधी काळी काय मिळालं, कुणाकडून मिळालं आणि पुढे कुणी कुणाला तोडून दिलं, हे त्या चार-पाच शब्दांत साठलेलं असतं. आज ताब्यात काय आहे ते मात्र त्यातून कळेलच असं नाही.

सुरुवातीला हे सगळे सरळ हुद्दे होते. ग्राफ हा कारोलिंगी, म्हणजे शार्लमेनच्या घराण्यातल्या, राजांचा जिल्ह्यावरचा माणूस. राजाच्या नावाने न्यायनिवाडा करायचा, लोक जमवून लढाईला न्यायचे, महसुलावर नजर ठेवायची. हेर्त्सोग म्हणजे शब्दशः सैन्याच्या पुढे चालणारा, आपल्या सरसेनापतीसारखा. १० व्या शतकात सॅक्सनी, फ्रँकोनिया, स्वाबिया, बव्हेरिया आणि लोरेन असे पाच मोठे प्रांत होते आणि प्रत्येकावर एक हेर्त्सोग. मार्कग्राफ हद्दीवरचा, म्हणून त्याच्या हाताखाली फौज जास्त. फाल्त्सग्राफ हा राजवाड्यावरचा. 'फाल्त्स' हा शब्द रोममधल्या पॅलाटिन टेकडीच्या नावावरून घसरत घसरत आलेला. राजाला कायमची राजधानी नव्हती, तो एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर फिरता असे, आणि तो नसताना त्याच्या वतीने न्याय देणारा तो फाल्त्सग्राफ. बुर्गग्राफ किल्ल्यावरचा, म्हणजे आपला किल्लेदार. लांडग्राफ मात्र उशिरा आलेला प्रकार. ११३१ मध्ये राजा लोथार तिसरा याने थ्युरिंगनच्या लुडविगला ती पदवी दिली ती आजूबाजूच्या ग्राफ मंडळींच्या वर एक माणूस बसवण्यासाठी.

यांशिवाय किरकोळ माल बराच आहे. नाहे नदीच्या खोऱ्यात एक घराणं १२ व्या शतकात फुटलं, त्यातले काही विल्डग्राफ झाले, काही राउग्राफ. राउ म्हणजे खडबडीत, रानवट. लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनाने त्याचं भाषांतर 'कोमेस हिर्सुटुस' केलं, म्हणजे केसाळ काउंट. भाषांतरकार आठशे वर्षांपूर्वीही असेच फसत होते, हे पाहून मला फार बरं वाटलं.

हुद्द्याचं वतन झालं की काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. आज एखादे फडणीस सॉफ्टवेअर लिहितात आणि पोतनीसांचा सरकारी खजिन्याशी काही संबंध नसतो. जर्मनीत ग्राफचा हुद्दा ११ व्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी बापाकडून मुलाकडे जाऊ लागला होता. फरक एवढाच, की आपल्याकडे हुद्दा आडनावात गेला आणि निवांत बसला, तिकडे तो पदवी म्हणून जिवंत राहिला आणि तिच्यासाठी रक्त सांडत राहिलं.

आता तुमच्या तक्त्यातली खरी गफलत. जर्मनीत प्रश्न 'पदवी कोणती' हा नव्हता. 'जमीन कुणाकडून धरली आहे' हा होता. सम्राटाकडून थेट धरली असेल तर तुम्ही राइश्सफ्युर्स्ट, साम्राज्याचे मानकरी. मध्ये दुसरा कुणी असेल तर नाही. १२२० च्या सुमारास आइके फोन रेपगोव्ह या सॅक्सन माणसाने तिथला रिवाज 'साक्सनश्पीगेल' या ग्रंथात लिहून काढला. त्यात ढालींची उतरंड दिली आहे. पहिली ढाल राजाची, दुसरी बिशप आणि मठाधिपतींची, तिसरी ऐहिक फ्युर्स्टांची, चौथी स्वतंत्र सरदारांची, अशी. हायडेलबर्गला या ग्रंथाची १४ व्या शतकातली सचित्र प्रत आहे. तिच्यातल्या एका चित्रात राजा बसला आहे, तो धर्मपुरुषांना राजदंड देतो आणि ऐहिक फ्युर्स्टांच्या हाती निशाणं. मिळालेला मुलूख म्हणजे ते निशाण. त्यामुळे अशा जहागिरीला 'निशाणाची जहागीर' असंच नाव होतं. तिसऱ्या ढालीत हेर्त्सोग आहेत, मार्कग्राफ आहेत, लांडग्राफ आहेत, फाल्त्सग्राफ आहेत. सगळे एकाच पंक्तीला. थ्युरिंगनचा लांडग्राफ हेर्त्सोगपेक्षा कमी नव्हता, नावात 'ग्राफ' असला तरी.

हे असं का झालं ते ११८० च्या भानगडीत दिसतं, आणि तिथे जरा थांबायला हवं. वेल्फ घराण्यातला हाइन्रिश 'सिंह' हा सॅक्सनी आणि बव्हेरिया, दोन्हींचा हेर्त्सोग. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाचा मामेभाऊ. हा इतका मोठा झाला की बाकीच्यांना डोईजड होऊ लागला, आणि सम्राटाला इटलीच्या मोहिमेत कुमक हवी होती तेव्हा त्याने नकार दिला. पुढे त्याच्यावर फिर्यादी झाल्या, बोलावणी गेली, तो हजर राहिला नाही. एप्रिल ११८० मध्ये गेल्नहाउसन इथे त्याच्या सॅक्सनीचे तुकडे झाले. पश्चिमेचा भाग वेस्टफालियाची हेर्त्सोगी म्हणून कोलोनच्या आर्चबिशपकडे, उरलेल्या भागाची पदवी आस्कानियर घराण्यातल्या बेर्नहार्डकडे. बव्हेरिया त्याच वर्षी विटेल्सबाखच्या ओट्टोला मिळाला, आणि त्यातून श्टायरमार्क कापून वेगळी हेर्त्सोगी केली. ओट्टोचं घराणं बव्हेरियावर १९१८ पर्यंत राहिलं, एवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

हाइन्रिशकडे काय उरलं? सरंजाम गेला, मिरास राहिली. राजाकडून आलेली जहागीर राजा काढून घेऊ शकत होता. वाडवडिलांची स्वतःची जमीन, जिला तिकडे आलोड म्हणत, ती ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गच्या आसपासची, वेल्फांकडेच राहिली. पण त्यामुळे एक विचित्र परिस्थिती आली. जमीन भरपूर, घराणं जुनं, आणि पदवी शून्य. जमीन स्वतःची आहे म्हणजे ती राजाकडून धरलेली नाही, म्हणजे तुम्ही फ्युर्स्टांच्या पंक्तीत नाही! मिरासदार असणं इथे नडलं.

यावर १२३५ मध्ये तोडगा निघाला, आणि तो मला सगळ्या मध्ययुगातला सगळ्यात गोड कागदी डाव वाटतो. हाइन्रिशचा नातू ओट्टो, ज्याला इतिहासात 'पोर ओट्टो' म्हणतात, त्याने माइंत्सच्या दरबारात आपला ल्युनेबुर्गचा गड सम्राट फ्रीडरिश दुसरा याच्या हाती सोडला. सम्राटाने तो साम्राज्याला दिला, त्यात ब्राउनश्वाइग शहर मिळवलं, आणि ते सगळं त्याच ओट्टोला नवीन हेर्त्सोगी म्हणून परत दिलं. स्वतःची जमीन दिली आणि तीच जहागीर म्हणून घेतली. सकाळी घरचा धनी म्हणून बाहेर पडला आणि संध्याकाळी भाडेकरू म्हणून परत आला, पण आता हेर्त्सोग. हा डाव नंतरही खेळला गेला. १२९२ मध्ये हेसनच्या हाइन्रिशने एश्वेगे हे गाव राजा आडोल्फला दिलं, परत घेतलं, आणि फ्युर्स्ट झाला.

या हेसनच्या हाइन्रिशलाही 'पोर' हेच टोपणनाव आहे, आणि त्याची गोष्ट तुमच्या लेखमालेत यायलाच हवी. १२४७ मध्ये थ्युरिंगनच्या लांडग्राफांचा पुरुषवंश संपला. माइसनचे वेटीन घराण्यातले मार्कग्राफ वारसा सांगत पुढे आले. पण संत एलिझाबेथ ही थ्युरिंगनच्याच एका लांडग्राफची बायको, तिची मुलगी झोफी ब्राबांटला दिलेली होती, ती आपला तीन-चार वर्षांचा मुलगा घेऊन हेसनमध्ये उतरली. आई संतपदाला गेलेली, तिची समाधी मारबुर्गला, लोकांची तिच्यावर श्रद्धा. झोफी कागदांत स्वतःला एलिझाबेथची मुलगी म्हणवून घेत असे, आणि त्याचा उपयोग तिला फौजेइतकाच झाला. भांडण १२६४ पर्यंत चाललं. थ्युरिंगन वेटीनांकडे गेलं, हेसन त्या पोराकडे राहिलं. आणि पदवी? दोघांनीही 'लांडग्राफ' लावली. पदवी होती थ्युरिंगनची, पण मुलगा लांडग्राफच्या मुलीचा, म्हणजे लांडग्राफच. नकाशावर 'हेसनची लांडग्राफी' दिसते ती अशी आली.

आता १३५६ आणि तुमचा पहिला प्रश्न. सम्राट कार्ल चौथा याने त्या वर्षी 'सोन्याच्या मोहरेचा' कायदा काढला. राजा निवडायचा तो सात जणांनी: माइंत्स, ट्रियर आणि कोलोन इथले आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा फाल्त्सग्राफ, सॅक्सनीचा हेर्त्सोग आणि ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ. हे कुरफ्युर्स्ट. 'कुर' म्हणजे निवड. प्रत्येक ऐहिक कुरफ्युर्स्टाला दरबारातला एक मानाचा हुद्दा जोडलेला: राजाचा प्याला धरणारा, ताट वाढणारा, घोड्यांचा, खोलीचा. हे हुद्दे जुने, त्यांच्यावरच मताचा हक्क आधारलेला. बव्हेरियाकडे तसा हुद्दा नव्हता, शिवाय विटेल्सबाखांची एक शाखा ऱ्हाइनच्या फाल्त्सग्राफीवर आणि दुसरी त्या घडीला ब्रांडेनबुर्गला होती. एकाच घराण्याला दोन मतं आणि त्याच घराण्याच्या बव्हेरियाला एकही नाही. तक्त्यात हे बसवून दाखवा!

पण सगळ्यात जास्त झोंबलं ते ऑस्ट्रियाला. तिथे हाब्सबुर्ग घराण्यातला रुडोल्फ चौथा १३५८ मध्ये गादीवर आला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. कार्ल चौथा त्याचा सासरा. सासऱ्याने प्रागला विद्यापीठ काढलं म्हणून जावयाने व्हिएन्नाला काढलं, इतकी चढाओढ. सातांत आपण नाही हे त्याला सहन होईना. मग त्याच्या कचेरीत पाच जुने दस्तऐवज 'सापडले'. त्यातल्या मुख्य कागदाचा पाया खरा होता. ११५६ मध्ये बार्बारोसाने ऑस्ट्रियाचा मार्कग्राफ बाबेनबेर्ग घराण्यातला हाइन्रिश याला हेर्त्सोग केलं होतं, त्याला आणि त्याच्या बायजेंटाइन बायकोला, थिओडोराला, दोघांना मिळून. मुलगा नसेल तर मुलीला वारसा, मूल नसेल तर पसंतीचा वारस सुचवायची मुभा, दरबारला फक्त बव्हेरियात भरेल तेव्हा जायचं, लढाईला फक्त शेजारच्या मुलखात. एवढ्या सवलती त्या काळी कुणालाच नव्हत्या. रुडोल्फच्या लोकांनी तो अस्सल कागद घालवला, त्याची सोन्याची मोहर काढली आणि नव्या, बनावट, फुगवलेल्या कागदाला लावली. बनावट कागद, अस्सल मोहर. दुसऱ्या एका कागदात तर थेट जूलियस सीझर आणि नीरो यांची पत्रं घुसवली होती. त्यांत त्यांनी ऑस्ट्रियाला खास सवलती दिल्याचं म्हटलं होतं.

सासऱ्याने ती पत्रं इटालियन कवी आणि विद्वान पेत्रार्क याच्याकडे पाठवली. १३६१ मध्ये त्याचं उत्तर आलं आणि त्यात त्याने त्यांची चिंधी चिंधी केली. सीझर पत्रात स्वतःला 'मी' म्हणतो, इथे 'आम्ही' कुठून आलं? आणि 'ऑगस्टस' ही बिरुदावली सीझरनंतरची, ती त्याने कशी लावली? जुन्या कागदाची परीक्षा कशी घ्यावी हे शिकवताना मी हे पत्र आजही काढतो.

रुडोल्फ १३६५ मध्ये गेला. सासऱ्याने त्याचा दावा मान्य केला नाही, तरी कागद फाडलाही नाही कुणी. रुडोल्फने स्वतःसाठी एक लांबलचक शब्द घडवला होता, 'फाल्त्सएर्त्सहेर्त्सोग'. कुरफ्युर्स्टांच्या दरबारी हुद्द्यांना 'एर्त्स' म्हणजे 'महा' हा उपसर्ग लागत असे, त्याने तो आपल्या हेर्त्सोगीला चिकटवला. हाब्सबुर्गच सम्राट झाल्यावर, १४५३ मध्ये, फ्रीडरिश तिसरा याने हे सगळं अधिकृत केलं. घरच्याच बनावट कागदावर घरच्याच सम्राटाची सही. तेव्हापासून घराण्यातला प्रत्येक मुलगा एर्त्सहेर्त्सोग आणि प्रत्येक मुलगी एर्त्सहेर्त्सोगिन, फ्रान्सला दिलेली मारी आंत्वानेत धरून. कागद बनावट असल्याचं विद्वानांनी १९ व्या शतकात सिद्ध केलं. पदवीचं काही बिघडलं नाही.

दुसरा प्रश्न भावांचा. इंग्लंडमध्ये ड्यूकचा थोरला मुलगा ड्यूक, बाकीचे नुसते साहेब. इंग्रजी पुस्तकं वाचून आपल्या डोक्यात तोच नियम बसतो. जर्मनीत पदवी सगळ्या मुलांना, आणि बऱ्याचदा जमीनही. १२८२ मध्ये राजा रुडोल्फ पहिला याने ऑस्ट्रिया आणि श्टायरमार्क आपल्या दोन मुलांना दिलं ते 'एकत्र हाताने', म्हणजे सामाईक खात्यावर. सामाईक खातं पुढे कुठे जातं ते आपण जाणतोच. १३९२ मध्ये बव्हेरियाच्या श्टेफान, फ्रीडरिश आणि योहान या तीन भावांनी वाटणी केली: इंगोलश्टाट, लांड्सहूट आणि म्युनिक. पण पदवी वाटली नाही. तिघेही 'ऱ्हाइनचे फाल्त्सग्राफ आणि बव्हेरियाचे हेर्त्सोग'. आणि हायडेलबर्गला बसलेले त्यांचे चुलतबंधू? तेही 'ऱ्हाइनचे फाल्त्सग्राफ आणि बव्हेरियाचे हेर्त्सोग'. म्युनिकवाल्याची ऱ्हाइनवर वीतभर जागा नसेल, पण उद्या तिकडचा वंश बुडाला तर दावा सांगायला पदवी हवी. पदवीतला प्रत्येक शब्द म्हणजे वारसाहक्काची हरकत नोंदवून ठेवणं. वाटण्या पुरे झाल्या म्हणून म्युनिकने १५०६ मध्ये थोरल्याला गादी हा नियम केला, तोही लांड्सहूटच्या वारशावरून एक युद्ध होऊन गेल्यावर.

होहेनत्सोलर्नांचं असंच. हे न्युर्नबेर्गचे किल्लेदार, बुर्गग्राफ. १४१५ मध्ये राजा सिगिसमुंडने कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेच्या वेळी त्यांच्या फ्रीडरिशला ब्रांडेनबुर्ग दिलं. त्यानंतर न्युर्नबेर्गजवळच्या आन्सबाखला बसणारी धाकटी पातीही 'ब्रांडेनबुर्गचे मार्कग्राफ' झाली, मूळ ब्रांडेनबुर्ग शेकडो किलोमीटर उत्तरेला असलं तरी.

आणि पोर ओट्टोचे वंशज? ते फुटतच राहिले: ल्युनेबुर्ग, वोल्फेनब्युटल, ग्रुबेनहागन, कालेनबेर्ग. मुलूख वेगवेगळे, पदवी सगळ्यांची एकच, 'ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गचा हेर्त्सोग'. कालेनबेर्गवाल्या पातीचा मुक्काम हानोव्हर शहरात होता म्हणून लोक त्यांना हानोव्हरवाले म्हणू लागले. त्यातलाच गेओर्ग १७१४ मध्ये ग्रेट ब्रिटनचा राजा झाला. जुन्या नाण्यांचा नाद असेल तर तिसऱ्या जॉर्जची १७८७ ची सोन्याची गिनी बघा, हुकुमाच्या पानासारखी ढाल असलेली. तिच्या कडेने नुसती अक्षरं आहेत: एम बी एफ एट एच रेक्स, मग एफ डी, मग बी एट एल डी, मग एस आर आय ए टी एट ई. ग्रेट ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंडचा राजा, धर्मरक्षक, ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गचा ड्यूक, पवित्र रोमन साम्राज्याचा महाखजिनदार आणि इलेक्टर. हानोव्हरचं नाव नाही, कारण ती पदवीच नव्हती. फ्रान्स आहे, कारण दावा होता. आणि 'बी एट एल डी' या चार अक्षरांत १२३५ चा माइंत्सचा दरबार आहे. अशी एक गिनी मी भिंगाखाली पाहिली तेव्हा 'डी' हे अक्षर कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

सॅक्सनीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही तिथे अडकणारच, म्हणून आधीच सांगतो. मूळचे सॅक्सन लोक वेझर नदी आणि एल्बचा खालचा भाग इथले. ११८० नंतर 'सॅक्सनीचा हेर्त्सोग' ही पदवी बेर्नहार्डच्या घराण्याबरोबर एल्बच्या वरच्या अंगाला, विटेनबेर्गकडे सरकली. १४२२ मध्ये ते विटेनबेर्गवाले संपले आणि १४२३ मध्ये सिगिसमुंडने पदवी आणि मत माइसनच्या वेटीनांना दिलं. कुरफ्युर्स्टाची पदवी सगळ्यांत भारी, म्हणून वेटीन आपल्या सगळ्याच मुलखाला हळूहळू सॅक्सनी म्हणू लागले. त्यामुळे आज ड्रेसडेन सॅक्सनीची राजधानी आहे, मूळ सॅक्सनांच्या भूमीला 'खालची सॅक्सनी' म्हणावं लागतं, आणि मधल्या मुक्कामाच्या भागाला सॅक्सनी-आनहाल्ट. नाव नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत गेलं. याच वेटीनांच्या थोरल्या पातीतला, झाक्सन-कोबुर्ग-गोथाचा, प्रिन्स आल्बर्ट. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पूर्वी त्याच्या आणि व्हिक्टोरियाच्या नावाने होतं, आत त्याचा पुतळाही आहे. 'झाक्सन', म्हणजे सॅक्सनी, हा शब्द त्याच्या नावात १४२३ च्या त्या कागदामुळे आला.

घराण्यांच्या नावांनाही फार भुलू नका. 'फोन' नंतर येतं ते बहुतेक वेळा गढीचं नाव, आणि गढी बदलली की नाव बदलायचं. विटेल्सबाख हे आधी शायर्नचे ग्राफ. शायर्नची गढी मठाला दिली, विटेल्सबाखला राहायला गेले, तिथलं नाव लागलं. १२०८ मध्ये त्यांच्यातल्या एका फाल्त्सग्राफने बांबेर्ग इथे राजा फिलिपचा खून केला आणि शिक्षा म्हणून तो गड पाडला गेला. घराण्याला ज्या गडाचं नाव, तो घराण्याच्या राज्याच्या पहिल्या तीस वर्षांतच जमीनदोस्त झालेला. हाब्सबुर्गचा मूळ गड स्वित्झर्लंडमधल्या आरगाउत, तो १४१५ मध्ये स्विस लोकांनी घेतला. ते स्वतःला 'ऑस्ट्रियाचं घराणं' म्हणत.

आता मराठीचं. इंग्रजीतून जर्मन पदव्या घेऊ नका, हे माझं ठाम मत. मार्ग्रेव्ह, लँडग्रेव्ह ही इंग्रजांनी स्वतःच्या तोंडाला सोपी केलेली रूपं. आपल्याला मार्कग्राफ, लांडग्राफ म्हणायला कसलीच अडचण नाही, आणि एकदा 'ग्राफ' हा शब्द वाचकाच्या ओळखीचा झाला की पुढचे चारही आपोआप कळतात. हेर्त्सोगला 'ड्यूक' चालेल, तो मराठीत रुळला आहे. 'सरदार' किंवा 'उमराव' हा शब्द सगळ्या वर्गासाठी ठेवा, एखाद्या पदवीसाठी नको.

सगळ्यात जास्त घोळ 'प्रिन्स' करतो. इंग्रजीत एकच शब्द, जर्मनमध्ये दोन. प्रिन्त्स म्हणजे राजघराण्यातला मुलगा, राजपुत्र. फ्युर्स्ट म्हणजे स्वतः राज्य करणारा, मग तो ऐंशी वर्षांचा का असेना. 'प्रिन्स ऑफ आनहाल्ट' याचं 'आनहाल्टचा राजपुत्र' असं भाषांतर मी छापील मराठी पुस्तकात पाहिलं आहे. तो राजपुत्र नव्हता, आनहाल्टचा धनी होता. त्याला 'संस्थानिक' म्हटलं तर अर्थ बराचसा पोचतो, पण १९ व्या शतकातल्या आपल्या संस्थानिकांची आठवण त्यात शिरते, म्हणून मी 'फ्युर्स्ट' तसंच ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खर्च करतो. इलेक्टरसाठी 'मतदार' हे कृपा करून नको, तेही मी पाहिलं आहे. 'निर्वाचक' बरोबर आहे पण निवडणूक आयोगाचा वास येतो. 'कुरफ्युर्स्ट' लिहा, पहिल्यांदा 'राजा निवडणारा फ्युर्स्ट' असं फोडून सांगा. आणि 'जर्मनीचा राजा' हेही जपून, कारण त्याची पदवी 'रोमनांचा राजा' अशी होती. पोपने मुकुट घातला की मग सम्राट.

तक्त्याऐवजी प्रत्येक घराण्यासाठी एक पान करा. पदवी जशीच्या तशी वर लिहा आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी भरा: कुणाकडून, कोणत्या साली, आणि ती जागा त्या वेळी खरोखर ताब्यात होती का. बाडेनच्या पानावर तिसऱ्या रकान्यात 'नाही' येईल, आन्सबाखच्याही. व्युर्टेमबेर्गच्या पानावर १४९५ पर्यंत नुसतं 'ग्राफ' येईल. मुलूख कितीतरी हेर्त्सोगांपेक्षा मोठा, विद्यापीठसुद्धा स्वतःचं, ट्युबिंगनचं, तरी नुसतं ग्राफ. त्यांना हेर्त्सोग केलं ते माक्सिमिलियनने, वोर्म्सच्या सभेत. पहिलं पान ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचं घ्या, ते सगळ्यात लांब होईल.